नदीकाठच्या कुरणातून कुत्र्यासोबत: निघण्याआधीपासून घरी परतेपर्यंत

भुरी पहिल्यांदा नदीकाठच्या कुरणात शिरली तेव्हा दहा पावलं चालायला तिला पाच मिनिटं लागली. गवताच्या एका झुबक्यात नाक खुपसून ती उभीच राहिली. मी पट्टा ओढला, ती दोन पावलं आली आणि पुढच्या झुबक्याशी पुन्हा थांबली. मला नदीच्या वळणापर्यंत जाऊन यायचं होतं. तिला कुठंच जायचं नव्हतं. रात्री तिथून कोण कोण गेलं हे तिला एकेका पात्यावर सापडत होतं आणि मी तिला त्यातून ओढून काढत होते.

त्यानंतर अशा पुष्कळ फेऱ्या झाल्या आणि माझं मत पक्कं झालं: या फेरीत किती अंतर कापलं याला महत्त्व नाही, कुत्र्याला किती हुंगता आलं याला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही कुत्र्यांना दोन आठवडे नाकानं खाऊ शोधायचं काम दिलं होतं, तर बाकीच्यांकडून मालकाच्या पायाशी चालायचा सराव करून घेतला होता. नंतर, खाऊ असेल की नसेल हे सांगता येणार नाही अशा जागी वाटी ठेवली, तेव्हा नाकाचं काम केलेले कुत्रे तिच्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेले. दुसऱ्या गटात तसा फरक दिसला नाही. काहीतरी चांगलंच मिळेल, ही आशा हुंगण्यानं वाढली, असा त्याचा अर्थ लावला गेला. भुरी फेरीवरून परतते तेव्हा तिच्या चालण्यातच मला ते दिसतं.

पण हुंगू द्यायचं तर पट्टा सैल हवा, आणि पट्टा सैल सोडायचा तर वाट माहितीची हवी. नदी, गुरं आणि गवत या तिन्हींकडून कुत्र्याला धोका असतो. काळजी आधीच करून ठेवली की तिथं पोचल्यावर दर मिनिटाला "चल, चल" करावं लागत नाही. खालची सगळी खटपट एवढ्याचसाठी.

आधी एकट्यानं चालून या

नव्या वाटेवर कुत्र्याला थेट नेऊ नका. एकदा एकट्यानं जा. कुरण कुणाचं आहे, तिथून जायला परवानगी आहे का, कुत्रा आणलेला चालतो का, पट्टा सक्तीचा आहे का, हे आधी विचारून घ्या. पक्ष्यांच्या विणीच्या किंवा गुरांच्या विण्याच्या महिन्यांत नियम बदलतात, त्यामुळे मागच्या वेळी चालत होतं म्हणून या वेळीही चालेल असं धरू नका.

चालताना नजर कुत्र्याच्या उंचीवर ठेवा. आपल्याला छातीशी दिसणारी काटेरी तार नव्हे, तर गुडघ्याखाली लोंबणारी तुटकी तार बघायची. बारीक तार किंवा पांढरी फीत खुंट्यांवरून गेलेली दिसली तर ते विजेचं कुंपण असू शकतं. त्याचा झटका जीवघेणा नसतो, पण कुत्रा केकाटून वाट फुटेल तिकडे पळतो, आणि त्या क्षणी समोर गाय असली तर चटका गायीनंच दिला असं त्याच्या मनात बसू शकतं. अशा जागी पट्टा आखूड धरायचा हे तेव्हाच ठरवून ठेवा. कुंपण ओलांडायला पायऱ्या असतील तर तुमचा कुत्रा त्या चढू शकेल का? नसेल तर तुम्हाला तो उचलता येईल का? तीस किलोचा, चिखलानं माखलेला कुत्रा उचलून पलीकडे ठेवणं सोपं नसतं.

मग नदी बघा, विशेषतः तिची वळणं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा जोर असतो. तिथं काठ खालून पोखरलेला, उभा आणि पाणी खोल असतं. आतल्या अंगाला पाणी मंदावतं, वाळू-गोटे साचतात आणि काठ हळूहळू उतरत जातो. कुत्र्याला पाण्यात उतरवायचं ते आतल्या अंगानं, कारण जिथून सहज उतरता येतं तिथूनच सहज बाहेरही येता येतं. बाहेरच्या अंगाच्या काठावर गवत कितीही दाट दिसलं तरी त्याखाली माती असेलच असं नाही.

एक सुकं पान पाण्यात टाका आणि काठानं त्याच्या बरोबरीनं चाला. पान तुमच्या नेहमीच्या चालीपेक्षा पुढं गेलं तर त्या ठिकाणी त्या दिवशी कुत्र्यानं पोहायचं नाही. बंधारा असेल तर त्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे लांबपर्यंत पट्टा सोडू नका. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा मागे फिरतं आणि त्या फेऱ्यात सापडलेली वस्तू बाहेर पडत नाही. वरून ते पाणी फारसं खवळलेलं दिसत नाही, म्हणून जास्त सांभाळायचं.

मोबाईलला रेंज कुठपर्यंत आहे, गाडी नदीच्या किती जवळ येऊ शकते, सावली कुठं आहे, हेही पाहून ठेवा. जवळच्या पशुवैद्याचा नंबर आणि दवाखान्याची वेळ फोनमध्ये साठवा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना गोल वळसा घेणारी वाट निवडू नका. गेलो त्याच वाटेनं परत यायचं. वळशाच्या वाटेवर अर्ध्यापुढं गेलं की कुत्रा दमला तरी चालणं भागच पडतं. आल्या वाटेवर कुठूनही मागे फिरता येतं.

दिवस आणि वेळ

पहाट सगळ्यात चांगली. दव असतं, हवा गार आणि जड असते, वास जमिनीलगत टिकून राहतो. कुत्र्याला त्या वेळी जे सापडतं ते दुपारी सापडत नाही. उन्हाळ्यात तर पहाटेशिवाय जाऊच नये. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला चटका सोसवत नसेल तर पंजाच्या गाद्यांनाही सोसवणार नाही. पग, बुलडॉगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग गार करणं नीट जमत नाही, त्यांची फेरी निम्मी करा. म्हातारा किंवा जाड कुत्रा असेल तर तसंच.

मोठ्या पावसानंतर दोन-चार दिवस नदीकडे फिरकू नका. ओढ वाढलेली असतेच, शिवाय आजूबाजूची सगळी घाण आणि जनावरांचं मूत्र वाहून पाण्यात आलेलं असतं. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मूत्रातून येतात, ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतात आणि कातडीवरच्या बारीकशा खरचटण्यातून किंवा डोळ्या-तोंडाच्या ओल्या त्वचेतून शरीरात शिरतात. माणसालाही हा आजार होतो, तेव्हा पायाला जखम असेल तर तुम्हीही पाण्यात उतरू नका. कुत्र्यासाठी लस आहे: पहिल्यांदा दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन मात्रा, मग दर वर्षी एक. नदीवर जाणाऱ्या कुत्र्यानं ती चुकवू नये. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू नदीवर न्यायचंच नाही.

पट्टा आणि पिशवी

मी दोन पट्टे नेते. एक नेहमीचा, दीड-दोन मीटरचा. दुसरा दहा मीटरचा लांब पट्टा, आणि तो गळ्याच्या पट्ट्याला नाही, छातीच्या हार्नेसलाच लावायचा. दहा मीटर धावून कुत्रा एकदम अडला की सगळा हिसका मानेवर येतो, तो छातीवर घेतलेला बरा. डबीत गुंडाळला जाणारा दोरीचा पट्टा कुरणात कामाचा नाही. दोरी गवतात अडकते आणि हाताला किंवा पायाला घासली तर भाजल्यासारखी जखम करते. पोहायला सोडताना लांब पट्टा काढून टाका, तो पाण्याखालच्या मुळ्यांत गुंततो. वाहत्या पाण्यात उतरणाऱ्या कुत्र्याला पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घाला. त्या मुठीला धरून त्याला वर ओढता येतं.

पिशवीत स्वच्छ पाणी, वाटी, विष्ठेच्या पिशव्या, जुना टॉवेल, बोथट टोकाची कात्री, बारीक चिमटा, बँडेज, कुत्र्याच्या जिवाभावाचा खाऊ. पाण्यात कंजूषी नको. कुत्र्याला घरी बसूनही दिवसाला किलोमागं ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटरभर किंवा थोडं जास्त. चालताना त्याहून अधिक. नदी शेजारी आहे म्हणून पाणी न्यायचं नाही, हा हिशेब चुकीचा आहे. तहानलेला कुत्रा कुठल्याही डबक्याला तोंड लावतो. निघायच्या तोंडावर पोटभर जेवण मात्र देऊ नका.

हाक पक्की झाल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही

घरात हाक मारल्यावर येणारा कुत्रा कुरणातही येईलच असं नाही. आधी घरात, मग अंगणात, मग मोकळ्या पण रिकाम्या मैदानात, मग लांब पट्ट्यावर कुरणात, अशी पायरी-पायरीनं सवय लावावी लागते. नाव रोज शंभर कारणांनी घेतलं जातं, म्हणून परत बोलावण्यासाठी वेगळा शब्द किंवा शिट्टी ठेवा आणि ती ऐकून आल्यावर दर वेळी काहीतरी चांगलं द्या. फेरी संपवतानाच फक्त बोलावलंत तर हाक म्हणजे मजा संपली, हे कुत्रा चार दिवसांत शिकतो. म्हणून अधूनमधून उगाच बोलवायचं, खाऊ द्यायचा, आणि पुन्हा हुंगायला सोडायचं. उशिरा आला तरी रागवायचं नाही. तो आलाय, हे लक्षात ठेवा.

गुरं असतील तर

या वाटेवर मला सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं ते गुरांपाशी. गाय माणसाला ओळखते, पण कुत्रा तिच्या लेखी लांडग्याच्या जातीचा आहे. बरोबर वासरू असेल तर ती अंगावर येऊ शकते आणि ती आपल्यापेक्षा खूप वेगानं धावते.

कुरणात शिरायच्या आधी थांबून बघा: किती गुरं, कुठं, वासरं आहेत का? वासरं असतील आणि दुसरी वाट असेल तर ती घ्या. शिरलातच तर पट्टा आखूड, कुत्रा गुरांच्या विरुद्ध बाजूला, चाल सावकाश, आवाज शांत. गाय आणि तिच्या वासराच्या मधून कधीही जायचं नाही. वळसा मोठा घ्या, पण एक बाजू नदी आणि दुसरी कळप अशा चिमट्यात स्वतःला नेऊ नका. तरणी गुरं नुसत्या कुतूहलानंही घोळक्यानं मागे येतात. तेव्हा पळायचं नाही, त्यांच्याकडे तोंड करून शांत उभं राहायचं आणि हळूहळू काढता पाय घ्यायचा.

आणि गाय खरंच धावून आलीच, तर पट्टा सोडून द्या. आपला हात हे करायला तयार होत नाही, म्हणून मनात आधीच घोकून ठेवा. तिचा राग कुत्र्यावर असतो. मोकळा कुत्रा तिच्या तावडीतून सुटतो. तुमच्या पायाशी बांधलेला असेल तर दोघंही सापडता. एकदा मी ऐन वेळी पट्टा सोडला. भुरी कुंपणाखालून पलीकडे गेली, गाय दहा पावलांवर थांबली आणि वासराकडे वळली. पट्टा हातात राहिला असता तर काय झालं असतं, हे मी त्या रात्री बराच वेळ डोळ्यांसमोरून हलवू शकले नाही.

मेंढ्या-शेळ्यांचं उलट असतं. त्या पळतात, आणि पळणारी गोष्ट दिसली की गरीब कुत्राही पाठीमागं लागतो. गाभण मेंढी नुसत्या धास्तीनं गाभ टाकू शकते. कळपाबरोबर राखणीचा कुत्रा असेल तर लांबच थांबा, त्याच्या डोळ्यांत बघू नका, मेंढपाळाला हाक द्या, नाहीतर मोठा वळसा घ्या.

विष्ठा उचलायची ती नुसत्या स्वच्छतेसाठी नाही. निओस्पोरा नावाचा एक परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर आणि तिथून गायीच्या पोटात जातो आणि गाभ पडतो. १९८८ साली त्याला स्वतंत्र ओळख मिळाली. कुत्रा ठणठणीत दिसतो, नुकसान दुसऱ्याच्या गोठ्यात होतं. उंच गवतातसुद्धा शोधून उचला, आणि भरलेली पिशवी झुडपाला अडकवून "परत येताना नेऊ" म्हणू नका. जंताचं औषध वेळेवर द्या. कुंपणाचं दार जसं होतं तसंच लावा किंवा उघडं ठेवा.

कुरण पक्ष्यांचंही घर आहे. टिटवी, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की घरटं जवळ आहे असं समजा. पट्टा आखूड करा आणि आल्या पावली मागं व्हा. जोडी जितका वेळ हवेत ओरडत राहते तितका वेळ अंडी उघडी पडतात.

पाण्यात

पाण्याचा रंग बघा. वाऱ्यानं एका काठाला लोटलेला, हिरवा रंग सांडल्यासारखा किंवा वाटाण्याच्या दाट सुपासारखा थर दिसला तर निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. शेवाळ म्हणतात तरी ते जिवाणू असतात आणि त्यांतले काही यकृतावर, काही मज्जातंतूंवर घाव घालणारं विष सोडतात. त्यावर उतारा नाही. ऊन आणि संथ पाणी असलं की ते फोफावतं, त्यामुळे वाहती नदी बरी दिसली तरी तिच्या बाजूचा साचलेला डोह वेगळा तपासा. शंका आली तर कुत्र्याला लांबच ठेवा. तो उतरलाच असेल तर अंग चाटायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुवा आणि पशुवैद्याला फोन लावा. उलट्या, तोल जाणं, झटके यांची वाट बघत बसू नका.

पाण्यात खेळणं फेकत असाल तर मऊ, तरंगणारं खेळणं घ्या. झाडाची काटकी नको. धावता धावता तोंडात उभी घुसून घसा फाटलेले कुत्रे दवाखान्यात येतात. दहा-पंधरा मिनिटांनी खेळ थांबवा. वारंवार तोंड उघडून पोहताना पोटात फार पाणी जातं आणि रक्तातलं मीठ पातळ होतं. पोट फुगणं, लाळ, उलटी, झोकांड्या ही त्याची लक्षणं आहेत आणि ती दिसली की थेट दवाखाना गाठायचा.

कुत्रा ओढीत सापडला तर तुम्ही पाण्यात उडी मारू नका. पुष्कळदा कुत्रा खाली कुठंतरी आपला आपण काठाला लागतो आणि माणूस बुडतो. काठानं प्रवाहाच्या दिशेनं धावा, पहिल्या उताराच्या जागी पोचा आणि तिथून नावानं बोलवत राहा. तो आवाजाच्या दिशेनं पोहतो. आधी एकट्यानं येऊन पाहिलेली वळणं इथं कामी येतात.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायचं औषध लावल्यावर कुत्र्याला लगेच नदीत सोडू नका. इंग्लंडमधल्या २० नद्यांच्या २०१६ ते २०१८ या काळातल्या नमुन्यांत फिप्रोनिल, म्हणजे अशा औषधांत वापरलं जाणारं कीटकनाशक, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सापडलं. ही औषधं कीटक मारण्यासाठीच असतात, पाण्यातले किडे त्यानं मरतात आणि त्यांच्यावर जगणारे मासे-पक्षी उपाशी राहतात. किती दिवस थांबायचं हे पाकिटावर वाचा, आणि पोहणाऱ्या कुत्र्यासाठी गोळी चालेल का हे पशुवैद्याला विचारा.

ऊन लागलं तर

थांबत नसलेली धाप, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, अडखळती चाल. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४१ च्या वर अवयव निकामी होऊ लागतात. आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत घ्या, अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला, शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पाजा. ओला टॉवेल अंगावर पसरून ठेवू नका, आतली उष्णता तिथंच कोंडते. नदीचं पाणी यासाठी चालतं, फक्त कुत्र्याचं डोकं वर धरा. बरा दिसू लागला तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.

घरी परतल्यावर

फेरीतलं सगळ्यात महत्त्वाचं अर्ध्या तासाचं काम इथं सुरू होतं. स्वच्छ पाण्यानं पाय आणि पोट धुवा, नीट पुसा, मग उजेडात बसून बोटांनी सगळं अंग चाचपा. नजरेवर विसंबू नका, केसांत डोळ्यांना काही दिसत नाही.

गोचीड कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी लागतात. चिमट्यानं कातडीला लागून धरा आणि सावकाश सरळ ओढा. तेल, रॉकेल, काडीचा चटका यांतलं काही नको. त्यानं गोचीड पोटातलं उलट जखमेत ओकते. बहुतेक आजारांचे जंतू शरीरात उतरायला काही तास लागतात, म्हणून ही तपासणी उद्यावर टाकू नये.

कुसळ गोचिडीपेक्षा वाईट. त्याला उलटे काटे असतात, ते फक्त पुढं सरकतं, मागं येत नाही. भुरीच्या पुढच्या पंजात एक शिरलं होतं. मला काही दिसलं नाही, ती दोन दिवस पंजा चाटत राहिली, तिसऱ्या दिवशी बोटांमध्ये वाटाण्याएवढी गाठ आली. पशुवैद्यांनी चीर देऊन जे काढलं ते माझ्या नखाएवढं, गवताचं वाळलेलं टोक. तेव्हापासून मी प्रत्येक बेचकं फाकवून बघते आणि कुसळांच्या मोसमात पंजांचे केस कापून आखूड ठेवते. एकदम शिंकांचा सपाटा, एकच डोळा बारीक करणं, डोकं एका बाजूला कलवून झटकणं, ही नाकात, डोळ्यात, कानात कुसळ गेल्याची चिन्हं आहेत. कानातलं स्वतः काढायला जाऊ नका, चिमट्यानं ते आणखी आत जातं.

गार पाण्यात पोहून आलेल्या कुत्र्याची शेपूट दुसऱ्या दिवशी बुडाशी ताठ आणि पुढं लुळी लोंबताना दिसली तर मोडली असं वाटून घाबरायला होतं. तो शेपटीच्या स्नायूंचा ताण असतो, दुखतो मात्र खूप. काही दिवसांत बरा होतो. दुखणं कमी करायला पशुवैद्य औषध देतात. माणसांची गोळी देऊ नका.

आणि तपासणी चालू असताना कुत्रा बसल्या जागी पेंगायला लागला तर त्याला झोपू द्या, दुसरा पंजा तो झोपेत असताना बघून घ्या.